हुतात्म्यांचे ऋण

रणांगणावर देह ठेवणाऱ्यांचा गौरव कसा करावा, हे ज्यांस शिकावयाचे असेल त्यांनी अब्राहम लिंकन यांचे गेटिसबर्ग येथील भाषण अवश्य अभ्यासावे. १८६३ च्या जुलैत, १ ते ३ या तारखांस, पेनसिल्व्हेनियातील ह्या लहानशा गावी अमेरिकेच्या यादवी युद्धातील घनघोर संग्राम झाला. दोन्ही पक्षांचे मिळून सुमारे ५०,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला तेथील सैनिकी दफनभूमीचा समर्पण-समारंभ पार पडला. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दोन-तीन मिनिटांतच आपले भाषण आटोपले. तथापि प्रसंगाचे मर्म त्यांनाच अधिक साधले, अशी कबुली खुद्द एव्हरेट यांनी दुसऱ्याच दिवशी पत्राने दिली.

हे मर्म कोणते? त्या भाषणात शत्रूची निर्भर्त्सना नाही, विजयाची शेखी नाही, एकाही सेनापतीचे नाव नाही. ही भूमी वीरांनी आधीच पावन केली आहे. आता त्यांच्या अपुऱ्या कार्यास जिवंतांनी वाहून घ्यावे, एवढेच लिंकन यांचे सांगणे होते.

ते कार्य म्हणजे सर्व माणसे समान आहेत ही १७७६ ची प्रतिज्ञा खरी करणे. १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. त्या मुक्तीचे मोल महाराष्ट्रानेही जाणले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. परंतु पुढे काय झाले? १९१३ मध्ये लढाईच्या पन्नासाव्या वर्षी दोन्ही पक्षांचे वृद्ध सैनिक गेटिसबर्गला जमले, हस्तांदोलने झाली, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे भाषण झाले. त्या वेळी दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णी नागरिक मतपेटीपासून वंचितच होते. त्यांच्या मताधिकारास परिणामकारक संरक्षण देणारा कायदा होण्यास १९६५ साल उजाडावे लागले. समारंभ वेळच्या वेळी होत राहिले. ऋण मात्र शतकभर थकले.

आपल्याकडेही स्मृतिदिन येतात, पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात. ती अवश्य व्हावीत. पण ज्या ध्येयासाठी हुतात्म्यांनी प्राण वेचले त्याचे आज काय झाले, हा प्रश्न वक्त्याने व्यासपीठावरून विचारावा आणि श्रोत्यांनी तो घरी घेऊन जावा, अशी आमची अपेक्षा आहे. तो प्रश्न टाळून वाहिलेले पुष्पचक्र म्हणजे ऋणकोने सावकारास दुरूनच घातलेला नमस्कार होय!