मुलांना स्वतःची नाडी मोजू द्या

‘डॉक्टर, हा खेळून आला की छाती नुसती धडधडत असते. खेळ बंद करू का?’ हा प्रश्न परळ-लालबागच्या आया मला वर्षानुवर्षे विचारत आल्या आहेत. माझे उत्तर ठरलेले आहे. धावल्यावर छाती धडधडलीच पाहिजे. ते आजाराचे नव्हे, हृदय आपले काम चोख करीत असल्याचे लक्षण आहे. पण डॉक्टरने सांगितलेले कितपत पटते? त्यापेक्षा मुलालाच त्याचे ठोके मोजू द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हृदय म्हणजे स्नायूंचा पंप. मोठ्या माणसाचे हृदय स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. जोराच्या श्रमात हेच प्रमाण २० लिटरपर्यंत जाते, कारण पायांच्या स्नायूंना जादा प्राणवायू हवा असतो. त्यासाठी ठोके वाढतात. पुस्तकातला ७२ हा आकडा मोठ्या माणसाची सरासरी आहे. दहा वर्षांपुढील मुलाचे ठोके बसल्या जागी ६० ते १०० असू शकतात, त्याहून लहानांचे थोडे अधिक. जीव तोडून धावल्यावर ते १८० च्या पुढेही जातात आणि थांबल्यावर भराभर उतरतात. हे उतरणेच पाहण्यासारखे असते.

मोजण्याची रीत सोपी आहे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे हलकी टेकवावीत. अंगठ्याने मोजू नये, त्याची स्वतःची नाडी मध्ये लुडबुड करते. सेकंदकाटा पाहून १५ सेकंद मोजून चाराने गुणावे. आधी पाच मिनिटे बसून, मग जिना चढून-उतरून थांबल्याबरोबर, नंतर एक, दोन व पाच मिनिटांनी मोजून आकडे वहीत मांडावेत.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत दवाखान्यासमोरच्या चाळीतील पाच-सहा मुलांना मी हा उद्योग लावून दिला. रोज खो-खोला जाणारी मुलगी पाच मिनिटांत पूर्ववत झाली. दिवसभर टीव्हीपुढे बसणाऱ्या एकाचे ठोके मात्र रेंगाळले. तो म्हणाला, ‘डॉक्टरकाका, तीन मजले मीपण चढलो, मग माझेच का उतरत नाहीत?’ एकाने क्रिकेटच्या सामन्याच्या शेवटच्या षटकात जागेवरून न हलता नाडी मोजली, तर तीही वाढलेली! मनाच्या ताणानेही हृदय धावते, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

मात्र दोन मुलांची तुलना करून एकाला नापास ठरवू नये. वय, झोप, ताप, ऊन या सर्वांचा ठोक्यांवर परिणाम होतो. मुलाची तुलना त्याच्याशीच करावी. रोजच्या खेळाला सुरुवात करून सहा-आठ आठवड्यांनी तोच जिना, तीच वेळ, पुन्हा मोजणी. व्यायामाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, म्हणून तेवढ्याच श्रमाला कमी ठोके पुरतात. सचिन तेंडुलकरला आचरेकर सर सरावानंतर पॅड-ग्लोव्हजसकट शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारायला लावीत. दम असा रोज थोडा-थोडा कमवावा लागतो.

आपल्याकडे डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालू आहे. सहावी व नववीची हुशार मुले तिच्यात प्रकल्प करतात, याचा आनंदच आहे. पण असे प्रश्न निवडक मुलांसाठीच का असावेत? या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही, फी लागत नाही. महापालिकेच्या शाळेतला शेवटच्या बाकावरचा मुलगाही तो करील. त्यासाठी खेळाचा तास मात्र शिल्लक हवा! परीक्षा जवळ आली की तो गणिताला देण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. त्यातच गिरगाव-लालबागच्या चाळींच्या जागी टॉवर आले आणि जिन्याची जागा लिफ्टने घेतली. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती साठ मिनिटे येणार कोठून?

एक इशारा आवश्यक आहे. बरोबरीची मुले खेळत असताना जो लवकर धापा टाकतो, ज्याच्या छातीत दुखते, ओठ निळसर होतात किंवा धावताना चक्कर येऊन जो पडतो, त्याला आधी डॉक्टरांना दाखवावे. घसा दुखून गेल्यावर ताप येऊन सांधे सुजले असतील, तर संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडण्याची शक्यता असते. अशा मुलाला ‘आळशी’ म्हणून रागावू नये आणि तपासणीपूर्वी पळवूही नये.

बाकीच्यांना मनसोक्त खेळू द्या. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एक तास नाडी मोजण्यासाठी द्यावा. पालकांनी येत्या रविवारी मुलासोबत जिना चढावा आणि आपलीही नाडी त्याच्या हातात द्यावी. कोणाचे ठोके आधी उतरतात, हे वहीत लिहून ठेवावे.