शाळेची पेटी



शाळेसाठी एखादे वाद्य घ्यायचे ठरले, तर कोणते घ्यावे? हा प्रश्न केवळ मुख्याध्यापकांचा नाही. वर्गणी तुमचे पालक देतात आणि वाद्य तुम्ही वाजवणार असता. म्हणून तुम्हीही त्याचा विचार केला पाहिजे.

कोणी म्हणेल, "पियानो घ्या." भिंतीला लागून ठेवलेल्या उभ्या पियानोचा आवाज भरदार असतो, यात शंका नाही. पण त्याच्या आत दोनशेहून अधिक तारा असतात. त्यांचा ताण सहन करण्यासाठी लोखंडी चौकट लागते. त्यामुळे त्याचे वजन बहुधा २०० किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त भरते. हवेतील ओलावा बदलला की स्वर बिघडतात. वर्षातून एकदोनदा तरी जाणकाराकडून तारा जुळवून घ्याव्या लागतात. असा जाणकार लहान गावात कोठून आणायचा? जुना पियानो फुकट मिळाला, तरी त्याची देखभाल फुकट होत नाही.

दुसरा कोणी म्हणेल, "इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्या." तो हलका असतो, पण त्याला वीज किंवा बॅटरी हवी. आतला भाग बिघडला, तर तो मिळवणे कठीण जाते.

माझ्या मते आपल्या शाळांना हार्मोनियम अधिक योग्य आहे. मराठीत तिला 'पेटी' किंवा 'संवादिनी' म्हणतात. १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्या वाद्याला पायाने हवा द्यावी लागे. पुढे भारतात हाताच्या भात्याची पेटी तयार झाली. जमिनीवर बसून गाणाऱ्यांना ती सोयीची वाटली. आज कव्वालीत पेटी आहे, भजनात आहे आणि मराठी नाट्यसंगीतातही आहे. तिच्यात तारा नसतात. पितळेच्या लहान पट्ट्या हवेने कंप पावतात आणि सूर निघतो. हे सूर बराच काळ टिकतात. एखादा बिघडलाच, तर तेवढाच दुरुस्त करता येतो.

मात्र 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.' चकाकी आणि नक्षी पाहून पेटी घेऊ नका. लाकूड सागवानी आहे का, ते विचारा. समोरच्या खुंट्या उघडून भाता भरा. पण एकही पट्टी दाबू नका. तरीही सूर निघाला किंवा हवा भरकन निघून गेली, तर ती पेटी नको. मग प्रत्येक पट्टी वाजवून पाहा. ती अडकता कामा नये. प्रत्येक पट्टीला दोन सूर असले, तर वर्गासाठी आवाज पुरतो. पट्ट्या सरकवून स्वर बदलण्याची सोय शाळेला लागत नाही. जितके भाग जास्त, तितकी दुरुस्ती जास्त.

पावसाळ्यात पेटी ओलीपासून दूर ठेवा. उंदीर आणि कसर यांपासून तिला जपा. पण जपणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनात बाहेर येणारे वाद्य कितीही टिकाऊ असले, तरी त्यावर केलेला खर्च वाया गेला असे मी समजतो. महागड्या वाद्याला हात लावायची भीती वाटते. साध्या पेटीवर शेवटच्या बाकावरची मुलगीसुद्धा सा-रे-ग-म शोधू शकते. वाद्य निवडताना किंमत जरूर विचारा; पण त्याबरोबर हेही विचारा, की ते किती मुलांच्या हाती येणार आहे?