फुल इन्शुरन्स आणि फुटलेला चेंबर



गाडीचा विमा हा विषय आपल्या पानावर कसा, असे काहींना वाटेल. पण वरवट बकालच्या कोणत्याही वस्तीत संध्याकाळी एक चक्कर मारून पाहा. ज्या घरात बापाने जन्मभर सायकल चालवली, त्या घरापुढे आज मुलाने हप्त्यावर घेतलेली जुनी मोटार नाही तर ऑटो उभा असतो. गाडी आली, तसा तिचा विम्याचा कागदही घरात आला. तो आपण आरसीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवतो, पोलिसाने हात केला की दाखवतो आणि परत ठेवून देतो. वाचत कोणीच नाही. मी स्वतः बी.कॉम. झालेला, दिवसभर कागदांत डोके घालून बसणारा कारकून. पण माझ्या भाच्याची पॉलिसी मीही वाचली ती त्याच्या गाडीचे इंजिन जाम झाल्यावरच.

भाचा घरफिटिंगची, लाइटची कामे करतो. चार वर्षांपूर्वी त्याने जुनी मोटार घेतली. आज ती आठ वर्षांची आहे. मागच्या पावसाळ्यात एका रात्री ताईच्या छातीत दुखू लागले. भाच्याने तिला मागच्या सीटवर झोपवले आणि गाडी शेगावच्या रस्त्याला लावली. एका ठिकाणी रस्ता उखडलेला होता. अंधारात एक दगड खालून लागला. मोठा आवाज झाला, पण गाडी चालत होती. खाली इंजिन ऑइलचा चेंबर फुटला होता आणि तेल रस्त्यावर सांडत होते. थोड्या वेळाने समोर तेलाच्या कुपीचा लाल दिवा लागला. भाच्याने तो पाहिला. पण मागे आई कण्हत होती. त्याने गाडी थांबवली नाही. पूर्णेचा पूल ओलांडला, पुढे इंजिनमधून खडखड ऐकू येऊ लागली आणि गाडी जागेवर बसली. मागून आलेल्या एका जीपवाल्याने माय-लेकरांना शेगावला पोचवले. ताई आज ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून गॅरेजला नेली. मिस्त्रीने इंजिन उघडले. बेरिंगा जळालेल्या, क्रँकवर ओरखडे, पिस्टन चिकटलेले. खर्च ४२ हजार सांगितला. भाचा निर्धास्त होता. मला म्हणाला, “मामा, आपला तं फुल इन्शुरन्स हाय. मंग चिंता कायची?”

हा ‘फुल’ शब्द पॉलिसीत कुठेही लिहिलेला नसतो. तो एजंटाच्या आणि आपल्या तोंडातला आहे. कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, कोणी जखमी झाले, दुसऱ्याच्या मालाचे नुकसान झाले, तर ती भरपाई त्यातून होते. आपल्या स्वतःच्या गाडीचा एक आरसाही त्यातून मिळत नाही. आपण ज्याला फुल म्हणतो त्यात याच्या जोडीला आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग असतो. पण तेथेही कोणत्या कारणाने झालेले नुकसान भरायचे, ते कारण नेमून दिलेले आहे. अपघाताने बाहेरून बसलेला मार, आग, चोरी, दंगल, पूर, वादळ, गारपीट, भूकंप, दरड. त्याच पानावर पुढे काय भरले जाणार नाही तेही छापलेले आहे. वापराने होणारी झीज, यांत्रिक किंवा विजेचा बिघाड, आणि एका नुकसानीतून पुढे उद्भवलेले दुसरे नुकसान.

म्हणजे गाडी चालता चालता क्लच गेला, गिअर बॉक्स बसला, पंप बंद पडला, आठ वर्षांच्या वापराने इंजिन तेल पिऊ लागले, तर विमा कंपनी एक रुपया देणार नाही. यात कंपनीची लबाडी नाही. झीज ही होणारच असते आणि विमा हा न ठरलेल्या संकटासाठी असतो. गंमत अशी, की एकाच बिघाडाचे दोन भाग होऊ शकतात. ब्रेक निकामी झाला आणि गाडी झाडावर गेली, तर चेपलेले बोनेट आणि फुटलेला रेडिएटर विम्यात बसतो, ब्रेकची दुरुस्ती आपल्या खिशातून. वायरिंग जळून गाडी नुसती बंद पडली तर तो बिघाड, पण त्याच वायरिंगमुळे गाडीने पेट घेतला तर ती आग, आणि आग विम्यात आहे.

आता भाच्याचे इंजिन कोणत्या बाजूला? दगड बाहेरून लागला, म्हणून चेंबर विम्यात बसतो. पण इंजिन दगडाने जाम झाले नाही, तेलावाचून चालवल्याने झाले. पॉलिसीत शर्तींच्या पानावर एक वाक्य आहे, ते मी दोनदा वाचले. अपघात झाल्यावर किंवा गाडी बंद पडल्यावर दुरुस्ती न करता ती चालवली, तर वाढलेल्या नुकसानीची जोखीम पूर्णपणे मालकाची. आई मागे कण्हत असताना कोणता मुलगा लाल दिवा पाहून थांबेल? मीही थांबलो नसतो. पण ते वाक्य मागच्या सीटवर कोण आहे ते विचारत नाही.

क्लेमचा कागद भरताना आणखी एक प्रकार घडला. भाच्याने घाईत लिहिले होते, ‘चालता चालता इंजिन बंद पडले.’ एवढेच वाक्य गेले असते तर तो सरळ यांत्रिक बिघाड ठरून चेंबरचेही पैसे मिळाले नसते. गॅरेजमधल्या एका शहाण्याने दुसरे टोक गाठले. म्हणे, “ट्रकने ठोकली असं लिहून टाका ना भाऊ.” मी दोन्ही खोडले. खोटा मजकूर सापडला तर सगळाच क्लेम जातो, आणि सर्वेअर रोज अशाच गाड्या पाहत असतो. त्याला ट्रकचा धक्का आणि खालून लागलेला दगड कळतो. घडले त्याच क्रमाने लिहिले. दगड, आवाज, तेल, दिवा, इंजिन. सोबत चेंबरच्या तड्याचा फोटो जोडला.

कंपनीचे पत्र आले. चेंबर मंजूर, इंजिन नामंजूर. आता मंजूर म्हणजे किती तेही पाहा, कारण येथे माझ्यातला कारकून जागा झाला. चेंबर ४,००० रुपयांचा. गाडी पाच वर्षांवरची आणि दहा वर्षांच्या आतली, म्हणून धातूच्या भागावर घसारा ४० टक्के. राहिले २,४००. मजुरी १,२००, तिच्यावर घसारा नाही. झाले ३,६००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला मालकाने सोसायचे १,००० वजा. हातात २,६००. नवे इंजिन ऑइल धरले नाही, कारण तेल, कूलंट, ग्रीस असल्या वस्तू साध्या पॉलिसीत बसत नाहीत. रबर, प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर तर गाडी कितीही नवी असो, निम्मा घसारा लागतो.

आणि हे २,६०० घेतले की नो क्लेम बोनस जातो. भाच्याने तीन वर्षे क्लेम केला नव्हता, म्हणून त्याला ३५ टक्के सूट होती. हे वर्षही कोरे गेले असते तर पुढच्या नूतनीकरणाला ती ४५ टक्के झाली असती. त्याच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता सूट धरण्यापूर्वी ६,००० च्या आसपास आहे. त्याचे ४५ टक्के म्हणजे २,७००. एका हाताने २,६०० घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने २,७०० द्यायचे. त्यापुढच्या वर्षी सूट पुन्हा २० टक्क्यांपासून चढायला लागणार, ते वेगळेच. आम्ही क्लेम मागे घेतला.

इंजिनसाठी भांडायचे का, असे भाच्याने विचारले. मी नको म्हटले. लाल दिवा लागल्यावर गाडी चालवली हे आपणच खरे लिहून दिले आहे, आणि शर्त स्पष्ट आहे. खोटी आशा दाखवून गरिबाला कचेऱ्यांच्या फेऱ्या मारायला लावणे हा माझ्या मते समाजकार्याचा भाग नाही.

पण प्रत्येक नकार असा नसतो. पाण्याचे पाहा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी बुडाल्या. पाणी उतरल्यावर अनेकांनी चावी फिरवली. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, आणि वर निघालेला पिस्टन त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपन्या म्हणतात, पूर आम्ही भरू, पण रॉड चावी फिरवल्यामुळे वाकला. हे दुःख मुंबईचेच राहिलेले नाही. २२ जुलै २०२३ ला आपल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत झालेली अतिवृष्टी कोण विसरेल? दारात उभ्या गाडीत पाणी शिरले तर चावीला हात लावू नका. बॅटरीची वायर काढा, पाण्याची रेघ कुठवर आली त्याचा फोटो घ्या, कंपनीला कळवा आणि गाडी टोचन करूनच न्या. खासगी मोटार हलवण्याचा खर्च साध्या पॉलिसीतही १,५०० रुपयांपर्यंत मिळतो. उभ्या गाडीत पुराचे पाणी शिरले, तुम्ही ती सुरू केली नाही आणि तरीही इंजिनाचे पैसे नाकारले, तर मात्र जरूर भांडा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तेथे फी नाही आणि वकील लागत नाही, पण कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत गेले पाहिजे. बुलढाण्याला जिल्हा ग्राहक आयोगही आहे, त्याची मुदत दोन वर्षांची.

इंजिनासाठी वेगळे जोड संरक्षण मिळते. जास्त पैसे भरून ते पॉलिसीला जोडले, तर पाणी शिरून किंवा खालून मार बसून तेल सांडल्याने झालेले इंजिनाचे नुकसान त्यात येते. झिजलेले इंजिन त्यातही येत नाही. आणि आपल्या लोकांची खरी अडचण अशी, की हे बहुधा नव्या, पाचेक वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच देतात. आपण गाडी घेतो तीच त्या वयाच्या पुढची. आपोआप होणारा यांत्रिक बिघाड ज्यात बसतो ती वाढीव वॉरंटी, विमा नव्हे. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून, पहिली वॉरंटी संपण्याआधी घ्यावी लागते. जुनी गाडी घेताना तिची वॉरंटी शिल्लक आहे का आणि ती आपल्या नावावर होते का, एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. तसे न केल्यास थर्ड पार्टीचा भाग चालतो, पण आपल्या गाडीचे नुकसान झाले तर कंपनी हात वर करते.

पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. खासगी पॉलिसीत भाडे चालत नाही, आणि अपघात झाला की सर्वेअर आधी मागे बसलेल्यांनाच विचारतो, किती पैसे दिले. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात भाड्याच्या कारणावरून क्लेम पूर्णच नाकारता येत नाही, काही रक्कम द्यावी, असे म्हटले. पण तेवढ्यासाठी त्या मालकाला दिल्लीच्या न्यायालयापर्यंत जावे लागले होते.

भाच्याचे इंजिन महिनाभराने झाले. ४२ हजारांपैकी २५ हजार ताईच्या बचत गटातून निघाले, बाकीचे मिस्त्रीने चार हप्त्यांत घेतले. आता तो दर महिन्याला ५०० रुपये पोस्टात आवर्ती ठेवीत टाकतो. पासबुकाच्या पहिल्या पानावर त्याने पेन्सिलीने ‘इंजिन’ असे लिहून ठेवले आहे. मागच्या आठवड्यात ताईने ते पाहिले आणि विचारले, “माह्या नावानं कावून नाही लिहिलं रे? माह्यापायीच तं गेलं ते इंजिन.”