मोरीतले तेजाब आणि आपली जबाबदारी

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. मालाचा पोत हाताला कळतो, रंग पक्का की कच्चा हे नजरेला कळते. पण आमच्याच दुकानामागच्या मोरीत सफाईसाठी कोणता माल वापरला जातो, याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर साफसफाई चालू असताना दुकानातल्या पोराने संडासात तेजाब ओतले आणि डाग निघेना म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली. मिनिटभरात तो खोकत बाहेर आला. डोळे लाल, श्वास पुरेना. दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. पोर बचावले, पण त्याच्या आईसमोर उभे राहताना वाटलेली शरम अजून गेलेली नाही. कारण ते तेजाब आम्हीच आणून ठेवले होते; थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत, वर चिठ्ठी नाही की खूण नाही.

संडास साफ करण्याचे तेजाब म्हणजे हायड्रोक्लोरिक अॅसिड. ते ब्लीचिंग पावडरला भेटले की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात याच वायूचा मारा सैनिकांवर झाला होता. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद मोरीत खालीच साचतो आणि वाकून घासणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. वाकून घासणारे कोण? आपल्या घरच्या बायका, कामवाली बाई, दुकानातले पोर. शेठ तेव्हा गादीवर बसलेला असतो.

आपल्या धंद्याला ही गोष्ट नवी नाही. जर्मनीने काही अॅझो रंगांना मनाई केली आणि आपल्या सरकारनेही 1997 मध्ये अशा 70 रंगांवर बंदी आणली, तेव्हा बाजारात मोठी ओरड झाली होती. आता धंदा बुडाला, असे म्हणणारे कमी नव्हते. धंदा बुडाला नाही, रंग बदलले. अनेक प्रोसेस हाऊसनी कापड पांढरे करण्यासाठी क्लोरीनचे ब्लीच सोडून हायड्रोजन पेरॉक्साइड धरले. परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या अंगाची आपण एवढी फिकीर केली. मग घरच्या माणसांच्या अंगाची का नको?

बदल करण्यासाठी फार खर्च लागत नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर हा क्षाराचा असतो. किराणा दुकानात ‘निंबू का फूल’ म्हणून मिळते ते सायट्रिक अॅसिड गरम पाण्यात विरघळवून लावले आणि अर्धा तास ठेवले, तर थर सुटतो. मात्र संगमरवर आणि शहाबादी फरशीवर ते लावू नये, दगड खातो. तेलकट ओटा आणि भांडी यांना धुण्याचा सोडा पुरतो, पण त्यालाही हातमोजे घालावेत. रेशमी आणि लोकरी कपड्यांना रिठ्याचे पाणी आपल्या आजीच्या काळापासून चालत आले आहे. ते दोन-चार दिवसांत खराब होते, म्हणून लागेल तेवढेच उकळावे. आणि साधा साबण, पाणी, ब्रश यांना अजून तोड नाही.

कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांबद्दल तर आम्ही कापडवाल्यांनीच बोलले पाहिजे. त्यांतले नॅप्थॅलीन कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या यादीत 2002 पासून आहे. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते. गोळ्यांत ठेवलेले दुपटे अशा बाळाला गुंडाळले, तर रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून घट्ट पेटीत ठेवावेत, सोबत कडुनिंबाची सुकी पाने टाकावीत आणि मधूनमधून पेटी उघडून पाहावी.

ब्लीचिंग पावडर सरसकट टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. साथीच्या दिवसांत पाणी शुद्ध करायला तिचा उपयोग आहेच. पण ती एकटी वापरावी. तेजाब, व्हिनेगर किंवा निंबू का फूल यांच्यासोबत कधीही नाही. तसेच ‘हर्बल’ आणि ‘नैसर्गिक’ या छापील शब्दांवर भुलू नये. पाटीवर ‘शुद्ध रेशीम’ आणि गठ्ठ्यात आर्ट सिल्क, हा खेळ आपल्याला ठाऊक आहे.

शेवटची गोष्ट किराणा आणि हार्डवेअरवाल्या बांधवांसाठी. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेजाबाच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली. घेणाऱ्याचे नाव-पत्ता वहीत लिहिणे, ओळखपत्र पाहणे, अठरा वर्षांखालील मुलाला न देणे, हे विक्रेत्यावर बंधनकारक केले. तेजाबाने चेहरे जाळले गेले, म्हणून हे हुकूम आले. तरीही बिनचिठ्ठीची बाटली गल्लीत मिळतेच. दोन रुपयांच्या मुनाफ्यासाठी असा माल विकण्यात कसली बरकत?

आमच्या दुकानात आता तेजाब येत नाही. मोरी पूर्वीइतकी झटपट चमकत नाही. थोडे जास्त घासावे लागते, थोडा वेळ जातो. तो वेळ आम्ही पगारी धरला आहे. पोर अजून आमच्याकडेच आहे आणि हिशेबाच्या वहीत हा खर्च आम्हाला तोट्याचा दिसत नाही.