सातवी, बारावी आणि मानधन



गेल्या महिन्यात एका गावातल्या बैठकीत अंगणवाडीच्या मदतनीसताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. वीस वर्षं त्यांनी पोरं गोळा केली, खिचडी शिजवली. सेविका रजेवर असली की वजनं घेतली, रजिस्टरही भरलं. आता सेविकेची जागा रिकामी झाली, पण ताईंचं शिक्षण सातवी. "माझ्या हातची खिचडी खाल्लेली पोरगीच आता माझी बाई होणार," त्या हसत म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

महाराष्ट्रात पूर्वी सेविकेला दहावी आणि मदतनिसाला सातवी पुरत असे. २०२३ च्या शासननिर्णयाने नव्या भरतीत दोघींना बारावीची अट घातली. मुलींनी शिकावं म्हणून आपणच भांडलो. मग या अटीला विरोध कसा करायचा? मीही अडखळले.

पण पात्रता वाढली, तरी काम 'मानसेवी'च का? १९७५ साली योजना सुरू झाली, अजूनही हाती पडतं ते मानधनच. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगावा लागला. कामावर घेताना कागद हवा, मोबदला देताना मात्र ती सेवा!

म्हणून बारावी झालेल्या मुलीला पगार, अनुभवाला बढतीत गुण, शिकू इच्छिणारीला रजा आणि फी, या तिन्ही मागण्या एकत्रच मांडू या. नाहीतर हे प्रमाणपत्र बाईलाच बाईविरुद्ध उभं करील.

तुमच्या गावात काय घडतंय, जरूर कळवा.