वरूडच्या उन्हात वॅटचा हिशेब

मे महिन्यात वरूडच्या संत्रापट्ट्यात पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. अशा उन्हात गेमिंगसाठी संगणक घेणारी मुले प्रोसेसरचा वेग विचारतात, पण तो किती वॅट वीज घेतो हे विचारत नाहीत. या उद्योगाने हीच चूक वीस वर्षांपूर्वी करून पाहिली आहे.

१९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले आणि साधारण १५ वॅट घेई. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्येच दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान करत गेले की व्होल्टेजही उतरवता येते. त्यामुळे वेग वाढला तरी चिप तापत नाही. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो, म्हणून हा फायदा फार मोठा होता. पुढे ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली आणि व्होल्टेज उतरेना. २००४ चा पेंटियम ४ ‘प्रेस्कॉट’ ११५ वॅटपर्यंत पोहोचला. त्याच ऑक्टोबरात इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झची चिप रद्द केली. २००६ मध्ये ६५ वॅटचा, कमी गिगाहर्ट्‌झचा कोअर २ ड्युओ आला आणि प्रेस्कॉटच्या पुढे गेला. कारण काम दोन गाभ्यांत (कोअरमध्ये) वाटले होते.

काम वाटून घेण्याची ही वाट आपल्याला नवी नव्हती. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो अनेक ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडता येणारे प्रोसेसर, एकत्र जोडूनच.

तरीही वॅट पुन्हा चढत राहिले आणि २०२२ च्या कोअर आय९-१३९००के पर्यंत गाडी २५३ वॅटवर गेली. २०२३ च्या रायझन ७ ७८००एक्स३डी ने दुसरा मार्ग धरला. चिपवरच ९६ मेगाबाइट कॅश, म्हणजे हाताशी असलेली जलद मेमरी, असल्याने त्याला मुख्य मेमरीकडे कमी वेळा जावे लागते. अनेक गेममध्ये तो कितीतरी कमी विजेत त्या आय९ च्या बरोबरीला येतो किंवा पुढे जातो.

विजेचा हा फरक वऱ्हाडात अधिक महत्त्वाचा आहे, कारण चिपने घेतलेली वीज शेवटी उष्णताच होते. ती किती बाहेर पडते हे चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. चिपची मर्यादा ९५ अंश धरली, तर २२ अंशांच्या खोलीत ७३ अंशांची सवड मिळते आणि ४३ अंशांच्या खोलीत ५२ अंशांची. म्हणजे तोच पंखा जवळजवळ तीस टक्के कमी उष्णता काढतो. मर्यादा गाठली की चिप स्वतःहून वेग उतरवते आणि महागड्या गिगाहर्ट्‌झचा उपयोग राहत नाही. वातानुकूलित खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे म्हणूनच इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्यातच पाण्याच्या कूलरची दमट हवा थेट संगणकावर सोडणेही धोक्याचे.

दुकानदारांनी किमतीसोबत वॅटही सांगावेत. घेणाऱ्यांनी ६५ वॅटच्या चिपपासून सुरुवात करावी, आणि चिप मोठी असेलच तर बायोसमध्ये तिची वीजमर्यादा खाली आणावी.