बंदुकीचा नेम किती अंतरावर बसवावा?



रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की जामखेड तालुक्यात रानडुकरांचा विषय निघतोच. बालाघाटच्या कडेची शिवारे असोत की सीना नदीकाठची, रात्रीतून कळप येतो, जेवढे खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो आणि सकाळी उभे पीक आडवे झालेले दिसते. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे असे काही शेतकरी हल्ली एक प्रश्न आवर्जून विचारतात. "साहेब, रायफलीवर दुर्बीण बसवायची म्हणतो. नेम किती अंतरावर बसवावा? दोनशे मीटरवर बसवला तर लांबूनच काम होईल ना?"

प्रश्न वाजवी आहे. उत्तर एका ओळीत सांगायचे तर पन्नास मीटर. दोनशे नव्हे, शंभरही नव्हे. असे का, ते या लेखात समजावून घेऊ. हिशेब सोपा आहे, शाळेतल्या मुलालाही करता येईल.

आधी कायद्याचे

हौसेची शिकार आपल्या देशात कायद्याने बंद आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सर्वांना लागू आहे, बांधावरच्या शेतकऱ्यालाही. पिकाचे नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांबाबत वन अधिकाऱ्यांची लेखी परवानगी मिळू शकते. आपल्या राज्यात २०१५ साली रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी अशा परवानगीची पद्धत ठरवून देण्यात आली. अर्ज वनक्षेत्रपालांकडे करावा लागतो. सध्याच्या अटी काय आहेत हे त्यांच्याच कार्यालयातून समजून घ्यावे. मारलेले जनावर ही शासनाची मालमत्ता असते. त्याचे वाटे घालणे हा गुन्हा आहे.

हरणांच्या बाबतीत तर कोणताही संशय ठेवू नये. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे असल्यामुळे काळवीट आपल्या माळरानावर आणि हरभऱ्यात दिसतो. काळवीट आणि चिंकारा यांना कायद्याने सर्वांत वरचे संरक्षण दिलेले आहे. पीक खाल्ले म्हणून त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही, आणि मारल्यास तीन ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. अंधारात पाठ दिसली म्हणून चाप ओढणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

नेम बसवणे म्हणजे काय?

गोफण आपण सर्वांनी फिरवलेली आहे. लांबच्या पाखरावर दगड टाकायचा तर तो पाखराच्या दिशेने सरळ सोडून चालत नाही, थोडा वर सोडावा लागतो. दगड कमान करून जातो आणि खाली उतरतो. बंदुकीची गोळीही तशीच जाते. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते. वेग जबरदस्त असतो म्हणून ही घट डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

आपली नजर मात्र सरळ जाते. म्हणून नळीचे तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर ठेवून दुर्बीण बसवतात. गोळी आधी नजरेच्या रेषेखालून निघते, रेषा ओलांडून वर जाते आणि पुढे पुन्हा रेषेवर उतरते. ज्या अंतरावर गोळी आणि नजर बरोबर एका ठिकाणी येतात, ते नेम बसवण्याचे अंतर. शिकलेले नेमबाज यालाच 'झिरो' म्हणतात. त्या अंतराच्या अलीकडे किंवा पलीकडे गोळी नजरेपासून वर तरी लागते किंवा खाली तरी.

आता आकडे पाहू. सरकारी आयुध कारखान्यांत बनणारी .३१५ रायफल काही घरांत आहे. हिशेब सोपा जावा म्हणून गोळीचा वेग सेकंदाला ६०० मीटर धरू, आणि दुर्बीण नळीच्या ४ सेंटिमीटर वर आहे असे समजू. १०० मीटर जायला गोळीला सेकंदाचा सहावा भाग लागतो. तेवढ्यात ती सुमारे साडेतेरा सेंटिमीटर खाली येते. २०० मीटरला ५४ सेंटिमीटर आणि ३०० मीटरला जवळजवळ सव्वा मीटर. अंतर दुप्पट झाले की घट चौपट होते. हवेच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात ती याहून थोडी जास्तच असते.

यावरून तीन प्रकारे नेम बसवून पाहू.

५० मीटरवर बसवल्यास: २५ मीटरवर गोळी १ सेंटिमीटर खाली, ७५ मीटरवर अर्धा सेंटिमीटर खाली, १०० मीटरवर ३ सेंटिमीटर खाली, १५० मीटरवर १२ सेंटिमीटर खाली.

१०० मीटरवर बसवल्यास: ५० मीटरवर दीड सेंटिमीटर वर, १५० मीटरवर ८ सेंटिमीटर खाली, २०० मीटरवर २३ सेंटिमीटर खाली.

२०० मीटरवर बसवल्यास: ५० मीटरवर ७ सेंटिमीटर वर, १०० मीटरवर १२ सेंटिमीटर वर, १५० मीटरवर ९ सेंटिमीटर वर, ३०० मीटरवर ३९ सेंटिमीटर खाली.

रानडुकराच्या पुढच्या पायामागे छातीची जी जागा असते ती फार तर वीतभर. तिच्या मध्यावर नेम धरला तरी वर-खाली दहा-अकरा सेंटिमीटरचीच सोय असते. दोनशे मीटरवर नेम बसवलेली रायफल पन्नास मीटरवर त्यातले सात सेंटिमीटर आधीच खाऊन टाकते. उरलेल्या तीन-चार सेंटिमीटरांत हाताचा कंप, थंडी आणि अंधार बसवायचा असतो. ते बसत नाही. जनावर जखमी होऊन ज्वारीत शिरते. सकाळी कणसे मोडायला आलेल्या बायाबापड्यांना ते समोर येते. जखमी डुक्कर अंगावर आले म्हणजे काय होते हे सांगायला नको.

आपले शेत किती लांब आहे?

परदेशात, स्कॉटलंडच्या डोंगरांत किंवा अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या मोकळ्या रानांत, शिकारी दोनशे मीटरच्या आसपास नेम बसवतात ते खरे आहे. तिथे नजर पोहोचेल तिथवर वस्ती नसते, दिवसाउजेडी शिकार होते आणि हरणाजवळ जायला आडोसा नसतो. ती गरज त्यांची आहे, आपली नव्हे.

आपली जमीन मोजून पाहा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, साधारण १० मीटर बाजूचा चौकोन. चौरस एकराची बाजू भरते सुमारे ६४ मीटर. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, चौरस असेल तर त्याची बाजू बरोबर १०० मीटर. पाच एकरांची बाजू १४२ मीटर. म्हणजे पाच एकरवाल्याने बांधावर बसून दोनशे मीटरवरच्या जनावरावर नेम धरला, तर ते जनावर त्याच्या शेतात नाहीच. ते दुसऱ्याच्या शेतात आहे.

त्या दुसऱ्याच्या शेतात रात्री कोण असते? रात्रीच्या लाइटीवर दारे धरणारा शेजारी असतो, चिखलात वाकून उभा, बॅटरी विझवलेली. माळावर मेंढ्या बसवल्या असतील तर कडेला मेंढपाळाचे सगळे बिऱ्हाड झोपलेले असते. ऊस असेल तर टोळीच्या कोप्या असतात. आपल्या भागात वस्त्या शिवारभर विखुरलेल्या आहेत. चुकलेली गोळी दोनशे मीटरवर थांबत नाही. छातीच्या उंचीवरून अगदी सपाट रेषेत सोडलेली रायफलीची गोळी सपाट रानातही पावणेतीनशे मीटरपर्यंत जमिनीला टेकत नाही. नळी थोडी वर असेल तर ती किलोमीटरच्या हिशेबात जाते. मुरमाड जमिनीवर आपटून उसळलेली गोळी कुठे जाईल हे कोणीच सांगू शकत नाही.

गोळीमागे माती हवी

म्हणून मी शेतकऱ्यांना नेम विचारण्याआधी माती विचारतो. जनावराच्या मागे गोळी अडवणारी माती कुठे आहे?

यासाठी मचाणाइतकी उपयोगी वस्तू नाही. नळीचे तोंड जमिनीपासून चार मीटर उंच आणि जनावर ४० मीटरवर असेल, तर अर्धा मीटर उंचीवर धरलेली गोळी जनावराच्या मागे सहा मीटरच्या आतच मातीत घुसते. तीच गोळी जमिनीवर बसून, सव्वा मीटर उंचीवरून मारली, तर ती जनावराच्या मागे २७ मीटर जाऊन जमिनीला लागते. जनावर १०० मीटरवर असेल तर मचाणावरूनही ती मागे १४ मीटर जाते, आणि जमिनीवरून ६७ मीटर. आकडे पाहिले की कळते: मचाण उंच आणि जनावर जवळ, यातच शेजाऱ्याचा जीव सुरक्षित आहे. टेकाडाच्या माथ्यावर, आभाळाच्या रेषेवर दिसणाऱ्या जनावरावर तर कधीही गोळी झाडू नये. मागे माती नसते, पलीकडच्या उतारावरची वस्ती असते.

पन्नास मीटर या उत्तराचे कारण इथे आहे. मचाणावरून, बॅटरीच्या उजेडात, जनावर नीट ओळखू येते आणि त्यामागची माती दिसते असे आपल्या शिवारातले अंतर तीस ते साठ मीटरच आहे. नेम पन्नासवर बसवला की पंचवीसपासून शंभर मीटरपर्यंत गोळी नजरेपासून तीन सेंटिमीटरच्या आत राहते. मनात कसलाही हिशेब करावा लागत नाही. जिथे दिसते तिथे लागते. बंदूक किती लांब मारते यावर नेम बसवू नये. आपल्याला किती लांबपर्यंत खात्रीने दिसते यावर बसवावा.

साध्या बंदुकीचे काय?

बहुतेक घरांत रायफल नसून बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीचीच बंदूक सांगितलेली आहे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्यांना पटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. नळीला आतून पेच नसल्याने गोळी फिरत जात नाही आणि लांबवर भरकटते. आपल्याच तालुक्यात खर्ड्याला मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. त्या काळच्या पायदळाच्या ठासणीच्या बंदुकाही शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्याच्या कामाच्या नव्हत्या. गुळगुळीत नळीचा हा गुण अजून बदललेला नाही.

अशा बंदुकीवर दुर्बीण बसवून पैसे वाया घालवू नयेत. छर्ऱ्याच्या काडतुसाची मर्यादा ३५ मीटर धरावी. आपली बंदूक छर्रे कसे पसरवते हे मात्र माहीत करून घ्यावे. मोठ्या कागदावर वीतभर व्यासाचे वर्तुळ काढून १५, २५ आणि ३५ मीटरवरून एकेक बार टाकावा आणि वर्तुळात किती छर्रे बसले ते मोजावे. ज्या अंतरावर ते विरळ होतात तिथे आपल्या बंदुकीची हद्द संपली. त्या अंतरावर मचाणाभोवती चुन्याच्या खुणा किंवा पांढरे दगड ठेवावेत. खुणेपलीकडचे जनावर आपले नव्हे.

नेम कसा बसवावा?

१. चाचणीचा बार कुठे टाकता येईल हे आधी परवान्याच्या अटींत पाहावे व पोलीस ठाण्यात विचारावे. नेमबाजीचे मान्य मैदान असल्यास उत्तम.

२. अंतर टेपने मोजावे. पावलांवर विसंबू नये. चढावर पाऊल आखूड पडते.

३. नळी हातात न धरता वाळूच्या पिशवीवर टेकवावी. आधी २५ मीटरवर, मग ५० मीटरवर बसवावे.

४. एका गोळीवरून स्क्रू फिरवू नये. तीन गोळ्या मारून त्यांचा मध्य पाहावा. दुर्बिणीच्या स्क्रूची एक टिकटिक बहुधा १०० मीटरवर ७ मिलिमीटर सरकवते; ५० मीटरवर त्याच्या निम्मे.

५. काडतुसाचा प्रकार बदलला, दुर्बीण काढून पुन्हा बसवली किंवा बंदूक पडली, तर नेम पुन्हा तपासावा. निवडणुकीच्या काळात जमा केलेली बंदूक परत मिळाल्यावरही तपासावा.

६. दुर्बीण ही जनावर ओळखण्याची वस्तू नाही. काय हलते आहे ते पाहायला बंदूक रोखली, तर ते माणूस निघाल्यास आपण माणसावर बंदूक रोखलेली असते. ओळख बॅटरीने पटवावी, मगच बंदूक उचलावी.

७. मचाणावर बसण्याच्या दिवशी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना दिवसाच सांगून ठेवावे. कोण दारे धरणार आहे, मेंढ्या कुठे बसल्या आहेत, हे विचारून घ्यावे. त्या दिशेला त्या रात्री बार टाकायचा नाही.

८. परवाना ज्याच्या नावावर आहे त्यानेच बंदूक हाताळावी. पोराच्या किंवा पाहुण्याच्या हाती देऊ नये.

कुंपणात वीज सोडणे किंवा गावठी बॉम्ब ठेवणे हे उपाय नव्हेत. त्यांनी डुकरांआधी आपली गुरे आणि आपली माणसे मरतात.

आणि ज्या रात्री जनावर साठ मीटरच्या पलीकडे असेल, किंवा त्याच्यामागे माती दिसत नसेल, त्या रात्री बंदूक खाली ठेवावी आणि डबा वाजवावा. नुकसान झालेच तर तीन दिवसांच्या आत वन कार्यालयात कळवून पंचनामा करून घ्यावा. सात-बारा आणि नुकसानीचे फोटो जवळ असू द्यावेत. भरपाई अपुरी वाटेल, उशिरा मिळेल, पण मिळते. ज्वारी पुढच्या रब्बीला पुन्हा उभी राहते. शेजाऱ्याच्या घरातला माणूस भरून देण्याची तरतूद कोणत्याही कार्यालयात नाही.